सोनोग्राफी नॉर्मल, मग दुर्बीण कशाला?

वडगाव रासाईच्या माझ्या दवाखान्यात पोटाच्या तक्रारीचा पेशंट आला की बहुधा त्याच्या हातात एक पाकीट असते. "डॉक्टर, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आलं. मग आता दुर्बीण कशाला?" असा प्रश्न आठवड्यातून एकदोनदा तरी ऐकतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे हे अवयव चांगले दिसतात. पित्ताशयातला खडा तर ती नेमका दाखवते. पण अन्ननलिका, जठर व आतडी हे पोकळ अवयव आहेत. त्यांत हवा असते आणि हवेपुढे सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींचे काही चालत नाही. त्यामुळे जठराच्या आतल्या अस्तरावरचा व्रण, म्हणजे अल्सर, सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. घर बाहेरून पाहिल्यावर आतल्या भिंतीची ओल कशी कळणार?

ती पाहायची तर आतच जावे लागते. काचेच्या बारीक तंतूंची, वाकणारी दुर्बीण डॉ. बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ साली प्रथम वापरली, आणि तीही आधी स्वतःच्याच घशातून उतरवून! आता नळीच्या टोकालाच छोटा कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते. संशयास्पद जागेचा कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवता येतो. यालाच बायोप्सी म्हणतात. 'तुकडा काढला की गाठ पसरते' ही समजूत चुकीची आहे, तिने फार नुकसान केले आहे.

जरा जळजळ झाली की लगेच दुर्बीण, हेही मला पटत नाही. पंचविशीतल्या मुलाचे पित्त बहुतेक वेळा जागरण, तिखट आणि उपाशीपोटी चहा एवढे टाळल्यावर आटोक्यात येते. पण वजन उतरत असेल, भाकरीचा घास अडत असेल, वारंवार उलट्या होत असतील, रक्त कमी झाले असेल किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौचास होत असेल, तर थांबू नये. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, तेव्हा तेवढे डॉक्टरांना सांगावे.) पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले 'पित्त' तर मी कधीच साधे धरत नाही.

आपल्या भागात दोन सवयी जास्त दिसतात. ऊसतोडणीच्या, कांदा लागवडीच्या दिवसांत अंगदुखीची गोळी दुकानातून आणून रोज घ्यायची, ही एक. तिने जठराला व्रण पडतात व आतल्या आत रक्त जाते. दुसरी सवय मिश्रीची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

साठीच्या एका मावशींना या दोन्ही सवयी होत्या. "डाक्टर, चार पावलं चाललं की धाप लागती," म्हणाल्या. हिमोग्लोबिन सात, सोनोग्राफी नॉर्मल. पुण्याला दुर्बिणीसाठी पाठवले. जठरात गोळ्यांमुळे झालेला व्रण सापडला, तो अपेक्षितच होता. पण नळी अन्ननलिकेतून जाताना तिथल्या डॉक्टरांनी एक बटण दाबून प्रकाश बदलला आणि साध्या उजेडात जेमतेम लालसर वाटणारी जागा तपकिरी होऊन उठून दिसली. बायोप्सीत अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. घास अडण्याच्या कितीतरी आधीचा! छाती न उघडता, दुर्बिणीतूनच तेवढे अस्तर काढले. मावशी आता ठरल्या वेळी तपासणीला जातात. मिश्री सुटली का, असे विचारले की सून नुसती हसते.

त्या बटणामागची युक्ती जपानची. नाव 'नॅरो बँड इमेजिंग'. पांढऱ्या प्रकाशातला फक्त निळा आणि हिरवा अरुंद पट्टा अस्तरावर टाकतात. रक्तातले हिमोग्लोबिन नेमका तोच प्रकाश शोषते, त्यामुळे वरवरच्या केशवाहिन्या गडद दिसतात. कॅन्सर सुरू होताना या वाहिन्यांची ठेवण बिघडते, ती अशी पकडता येते. अशी सोय नसेल तिथे अन्ननलिकेत आयोडीनचे पातळ द्रावण फवारतात. निरोगी अस्तर तपकिरी होते, बिघडलेली जागा रंग घेत नाही. यंत्र मात्र संशयाची जागा दाखवते, निदान बायोप्सीच करते.

भीती वाटते ती नळीची. ती जेमतेम करंगळीएवढी जाड असते आणि तपासणी साधारण पाच-दहा मिनिटांची. घशात बधिर करणारा फवारा मारतात. श्वास चालूच राहतो, कारण नळी श्वासनलिकेत जात नाही. आधी सहा ते आठ तास पोट रिकामे हवे. चहासुद्धा नको. मधुमेहाची औषधे, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, आपल्या मनाने बंद करू नयेत. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही पिऊ नये. गुंगीचे इंजेक्शन घेतले असेल तर त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, घरचे कोणीतरी बरोबर न्यावे.