इलेक्ट्रिक गाडी घेताय? शोरूमच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन या

इलेक्ट्रिक गाडीबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "एका चार्जमध्ये किती जाते?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा की गाडी रात्री उभी कुठे राहते आणि तिथे प्लग आहे का? याचं उत्तर "हो" असेल, तर बाकीच्या बहुतेक अडचणींवर मार्ग निघतो. "नाही" असेल, तर सगळ्यात महागडी गाडीसुद्धा रोजची कटकट होऊ शकते.

चार्जिंग म्हणजे पेट्रोल भरणं नव्हे

पेट्रोल आपण पंपावर जाऊन पाच मिनिटांत भरतो. इलेक्ट्रिक गाडी मोबाइलसारखी वापरायची असते. रात्री लावली, सकाळी काढली. साधारण ३ युनिट क्षमतेची बॅटरी असलेली स्कूटर ७००-८०० वॉटच्या चार्जरवर चार-पाच तासांत भरते. हा भार घरच्या इस्त्रीपेक्षा कमी आहे. कारचं गणित वेगळं. ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॉटच्या घरगुती चार्जरवर भरायला नऊ-दहा तास लागतात. तेवढा वेळ सतत १५ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. त्यामुळे साधा सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड यावर भागत नाही. स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. गीझर आणि एसी चालू असताना मंजूर भार पुरेल का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी परीक्षा इथेच असते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घराच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल सोसायटीच्या सामाईक भिंतीवरून जाणार, म्हणजे कमिटीशी बोलणं आलंच. मीटर रूमपासून तुमची जागा किती लांब आहे, त्यावर खर्च ठरतो. गाडी बुक करायच्या आधी सोसायटीची संमती लेखी घ्या. भाड्याच्या घरात तर घरमालक आणि सोसायटी, दोघांचीही. अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं तर पुढच्या घरी हीच सगळी कसरत पुन्हा करावी लागेल, हे लक्षात असू द्या.

काही स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते. पण एकेका बॅटरीचं वजन दहा किलोच्या आसपास असतं. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, असं असेल तर आधी दहा किलोची गव्हाची पिशवी आठवडाभर वर-खाली नेऊन बघा!

पैशांचा हिशोब

एक सोपं गणित करू. आकडे उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही तुमचे टाका. स्कूटर १०० किमीला चार्जिंगमधली घट धरून ४ युनिट वीज घेते आणि युनिट १२ रुपये. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किमी देते आणि पेट्रोल १०५ रुपये.

- महिन्याला ७५० किमी: पेट्रोल १,७५० रुपये, वीज ३६० रुपये. वर्षाला साधारण १६,७०० रुपयांची बचत.
- महिन्याला २०० किमी: पेट्रोल ४६७ रुपये, वीज ९६ रुपये. वर्षाला साधारण ४,४५० रुपयांची बचत.

दुसऱ्या माणसाने गाडीसाठी पंचवीस हजार जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील. पहिल्याचे दीड वर्षात होतात. म्हणजे ही गाडी जितकी जास्त पळेल तितकी स्वस्त पडते. भाजी आणायला आणि मुलांच्या क्लासपुरती गाडी हवी असेल, तर बचत हे कारण धरू नका.

इथे एक गोम आहे. बिलावरचा सरासरी दर धरू नका. घरगुती बिलात स्लॅब असतात आणि गाडीचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे शेवटच्या, महाग स्लॅबमध्ये. स्कूटरला याचा फार फरक पडत नाही. कारला महिन्याला दीडशे युनिट सहज लागतात, तिथे पडतो. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. कार घेणार असाल तर वेगळ्या मीटरचा खर्च आणि त्या वर्गवारीचा दर, दोन्ही विचारून ठेवा. बाहेरचं फास्ट चार्जिंग बऱ्याचदा घरच्यापेक्षा बरंच महाग असतं. रोज त्याच्यावरच अवलंबून राहिलात तर वरचा हिशोब कोलमडतो.

कागदावरची रेंज आणि रस्त्यावरची रेंज

२०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि प्रमाणित रेंज ३१२ किमी. हा आकडा ठरावीक चाचणीतला. हायवेचा वेग, एसी, चार माणसं आणि घाट धरले की रेंज दोनशेच्या आसपास येते. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १०० ऐवजी ८० ने गेलात तर फरक लगेच दिसतो. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किमी. अशा गाडीने जाताना सातारा किंवा कराडला थांबायचं, हे आधीच ठरवून निघावं लागतं. तिथला चार्जर बंद निघाला तर पुढचा कुठे, हेही.

देखभाल: काय गेलं, काय राहिलं

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच हे सगळं गेलं. टायर, सस्पेन्शन, ब्रेक आणि कारचं कूलंट राहिलं. गाडी जड आणि पिकअप जोरदार, त्यामुळे टायर लवकर झिजू शकतात. ब्रेक पॅड मात्र जास्त टिकतात, कारण वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते आणि बॅटरीत थोडी वीज परत टाकते. आणि हो, कारमध्ये १२ व्होल्टची छोटी बॅटरी अजूनही असते. ती बसली तर मोठी बॅटरी फुल असूनही गाडी सुरू होत नाही.

मोठा बदल दुरुस्तीत आहे. बिघाड बऱ्याचदा सेन्सर, कंट्रोलर नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्यासाठी कंपनीचं डायग्नोस्टिक टूल लागतं आणि ते गल्लीतल्या मेकॅनिककडे नसतं. तालुक्याच्या गावी राहत असाल तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, हा प्रश्न रेंजइतकाच महत्त्वाचा.

बॅटरी सांभाळायची कशी?

बॅटरी दोन कारणांनी म्हातारी होते: वापराने आणि नुसत्या वयाने. उष्णता दोन्हीचा वेग वाढवते. म्हणून:

- उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थोडी थंड होऊ द्या.
- रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांत ठेवा, शून्यापर्यंत नेऊ नका. एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर अधूनमधून १०० टक्के करायला कंपनीच सांगते. मॅन्युअल बघा.
- महिनाभर गावी जाणार असाल तर गाडी अर्ध्या चार्जवर सावलीत ठेवा.

कारच्या बॅटरीवर बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी मिळते, स्कूटरवर साधारण ३ वर्षांची, जास्त पैसे भरून वाढवता येणारी. पण वर्षं बघून खूश होऊ नका. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, ते शोधा. तो आकडा लिहिलेलाच नसेल, तर वॉरंटी फक्त पूर्ण बंद पडलेल्या बॅटरीपुरती असू शकते. जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीचा एसओएच, म्हणजे उरलेल्या क्षमतेचा रिपोर्ट मागा. मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

मग घ्यावी का?

स्वतःचं पार्किंग, तिथे प्लग, रोज २५-३० किमी फिरणं आणि जवळ सर्व्हिस सेंटर असेल तर बिनधास्त घ्या. यातला प्लग नसेल तर आधी सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय मांडा. गाडी काय, दोन महिन्यांनीही मिळेल, आणि तोपर्यंत शेजारचे दोघे-तिघे तयार झाले तर केबलचा खर्चही वाटून घेता येईल.