जावयाची यात्रा

शुक्रवार आहे, म्हणजे मालेगावात माग बंद. मोसम पुलाकडून निघालेल्या शेअर रिक्षात मागे आम्ही चौघी दाटीवाटीने बसलोय, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक पोरगा लटकतोय. माझ्या शेजारच्या दोघी बुरख्यात आहेत. त्यांच्यातल्या एकीच्या मांडीवरच्या चिमुरडीने ‘बडा झूला, बडा झूला’ असा घोष लावलाय. चौथीच्या पिशवीत नारळ, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडाऱ्याची पुडी. पौष पौर्णिमा होऊन गेली, पण चंदनपुरीच्या खंडेरावाची यात्रा पौर्णिमेला सुरू होते ती पुढे पंधरवडाभर चालते. खोबरंवाली देवाला निघाली आहे, बुरखेवाल्या पाळण्याला आणि मी, नाशिकची प्रवासी, गळ्यात कॅमेरा अडकवून नुसती बघायला. भाडं चौघींनाही सारखंच.

गिरणाकाठचं हे गाव मालेगावला अगदी लागून आहे. वेशीपाशीच पिवळं सुरू होतं. रस्ता पिवळा, उंबरे पिवळे, माणसांच्या भुवया आणि मिशा पिवळ्या. कुणीतरी ‘येळकोट येळकोट’ची आरोळी ठोकतो, मागची रांग ‘जय मल्हार’ म्हणून ती झेलते, आणि वरून भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे पडतात. ते उचलायला पोरं पायांत घुसतात. माझ्या कॅमेऱ्याची काच पुसून काही उपयोग नाही. पुसली की पुन्हा पिवळी.

देवळाच्या भिंतीला टेकून एक म्हातारबाबा बसलेत. लाल पागोटं, मांडीखाली घोंगडी. मला न्याहाळून विचारतात, “कथाईन उनी माय?”

“नाशिकहून बाबा. यात्रा बघायला.”

“बघाले?” त्यांना नवल वाटतं. मग माझ्या अडाणीपणावर दया करून ते घोंगडीचं एक टोक माझ्याकडे सरकवतात आणि देवळाकडे बोट दाखवतात. “आमना जवाई शे तो. बानू आमनी आंडेर.”

आंडेर म्हणजे लेक. एवढ्यात सगळं आलं. जेजुरीला खंडोबा राजा आहे, गडावर आहे, आणि बानाईचं देऊळ अर्ध्या पायऱ्यांवर, कारण थोरली म्हाळसा तिला वर येऊ देत नाही. चंदनपुरी मात्र बानाईचं माहेर. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव घर सोडून बारा वर्षं इथे येऊन राहिला. म्हाताऱ्या धनगराचं सोंग घेऊन बानूच्या वाड्यावर चाकरीला लागला, मेंढरं राखली. मग एक दिवस नदीवर मेंढरं धुवायला नेली आणि आपटून आपटून मारली. जिवंत करून देईन म्हणाला, पण लग्न लावलंत तर. बाबा ही गोष्ट सांगताना हसतात. जावयाची जशी पाठीमागे थट्टा करावी, तशी करतात. “चाकर म्हनीसन उना नि पोर लई गया,” असं म्हणून लगेच हात जोडतात.

कॅमेरा मी पिशवीत टाकते आणि बाबांच्या नातवंडांच्या मागून आत शिरते. गाभाऱ्यातल्या मूर्तींचे नाकडोळे भंडाऱ्याखाली बुजले आहेत. बाहेर ओट्यावर एका कुटुंबाची तळी भरली जातेय. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच जण ते ताम्हन वर-खाली करतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणतात. त्यांतला सगळ्यात लहान पाय उंचावूनही जेमतेम पोचतो. कोपऱ्यात वाघ्याची दिमडी कडाडते, मुरळी घोळ वाजवत गिरकी घेते. तिच्या पायात कॅनव्हासचे बूट आहेत, बहुधा रात्रीच्या जागरणासाठी.

या देवाला पाच बायका, आणि पाचही वेगवेगळ्या समाजांतल्या. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची, बानू धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, आणि पाचवी चंदाई भागवानीण, जिला मुसलमान भक्त आपल्यातली मानतात. देवाचंही एक नाव त्यांच्याकडे आहे, मल्लूखान. जेजुरीला देवाचे घोडे सांभाळायचं काम परंपरेने मुसलमानाकडे असल्याची नोंद आहे. रा. चिं. ढेरे आणि सोंथायमर यांनी खंडोबावर एवढं लिहून ठेवलंय की, इथे येण्याआधी निम्मं तरी वाचायचं तर पौष संपेल. पण वाचलेलं सगळं मला बाबांच्या ‘जवाई’ या एका शब्दाशी येऊन थांबताना दिसतं. भक्त एकमेकांचे देव्हारे बघत नाहीत, सोयरिकी बघतात. जावई एकच आणि सासुरवाड्या पाच, मग हक्क कुणाचा जास्त, हा तंटा सासुरवाडीत होतोच, पण जावयाला घराबाहेर काढायची गोष्ट कुणी काढत नाही.

देवळापलीकडची यात्रा मात्र शुक्रवारची, मालेगावची आहे. नारोशंकर राजेबहादूरांनी १७४० च्या सुमारास तिथला किल्ला बांधायला घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध तो अरब शिबंदीने झुंजवला, आणि १८५७ नंतर उत्तरेतून विणकर येत गेले. त्यांचे पणतू-खापरपणतू आज सुट्टीचे चांगले कपडे घालून आकाशपाळण्याच्या रांगेत उभे आहेत. मालेगावचं नाव बाकी देशाला कोणत्या बातम्यांमुळे ठाऊक आहे ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर बोलायला आज कुणाला सवड नाही. गोडीशेवेच्या राशी, मौत का कुआँची घरघर, भोंग्यावरून हरवलेल्या मुलाचा पुकारा. “लाल स्वेटर, वय अंदाजे चार. नाव सांगत नाही. पिवळा झालाय.” पुकारणारा स्वतःच हसतो, मग तेच हिंदीतून सांगतो. पिवळी झालेली लाल स्वेटरं मला उभ्या जागेवरून तीन दिसतात.

रिक्षातली चिमुरडी पाळण्यात वरच्या टोकाला आहे आणि आता रडतेय.

मनियारांच्या ओळीत एक म्हातारी खाली पोतं अंथरून बसली आहे. मी हात पुढे करते. “ढीला छोडो बेटी, सैल सोड,” म्हणत ती अंगठ्याखालचा मांसल भाग असा दाबते की फिरोजाबादी काच खळकन मनगटावर उतरते. पोत्याच्या कडेला हिरव्या बांगड्यांची एक जोडी वेगळी काढून ठेवलेली. ही कोणाची, विचारते.

“बानूबाईची. बोहनीच्या आधी काढते. सासू काढायची.”

“ती देवळात कोण नेतं?”

“जो पहिला गिऱ्हाईक देवळात चालला असंल तो.” आणि पुढचा हात मागते.

मल्लूखानाचं नाव ओठांवर येतं, पण मी ते तिला विचारत नाही. ती बांगड्यांच्या भावाबद्दल बोलतेय आणि तेच ऐकण्यासारखं आहे. दुकान पुनवेवर चालतं, ती सांगते. पौष पुनवेला खंडेराव. माघ पुनवेला हाजीमलंगचा उरूस. दीर कल्याणला राहतो, त्याच्याकडे उतरायचं. हाजीमलंगची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे, आणि ती जागा दर्ग्याची की मच्छिंद्रनाथांच्या समाधीची, यावरून वर्षानुवर्षं वाद पेटलेला आहे. मी तो काढते. म्हातारी बांगडीवरून डोळे न काढता म्हणते, “पोलीस जास्त राहतात. बसायला जागा लांब देतात. चढ बी लई.” तिच्या हिशेबात त्या वादाचा खर्च एवढाच.

“मग चैत्र पुनवेला सप्तशृंगीचा गड. तिथं नुसता हिरवा चुडा जातो, दुसरा रंग नेऊच नये. मलंगला लाल, जांभळा, चमकी, सगळं खपतं. आणि इथं?” ती माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघते. “इथं बायका आधी भाव कमी करतात, मग रंग सांगतात. तू भाव केलाच नाहीस. दोन्ही हातांचे शंभर दे.”

मी भाव करायला सुरुवात करते.