पडद्यावरील रकाना आणि दप्तरातील आकडा

सिल्वासानजीकच्या खेरडी गावी राहणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची वडिलोपार्जित जमीन हद्दीपलीकडे, पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात आहे, असे समजू. त्या टापूत वारली व कोकणा कुटुंबांची सोयरीक हद्दीच्या दोन्ही अंगांस पसरलेली असल्याने ही कल्पना ओढूनताणून केलेली नव्हे. पूर्वी अशा खातेदारास आपली नोंद पाहावयाची झाल्यास दिवसाची मजुरी बुडवून सजाचे ठिकाण गाठावे लागे. तलाठी फिरतीवर असल्यास तसेच परतावे लागे. आज तीच नोंद त्यास खेरडीत बसून संगणकाच्या पडद्यावर पाहता येते. वही त्याच्या हाती नाही. पडदा जे दाखवील, तेच त्याच्या दृष्टीने दप्तर. म्हणूनच पडद्यावर दिसणारा आकडा आणि संगणकात प्रत्यक्ष साठविलेला आकडा हे दोन्ही एकच आहेत काय, हा प्रश्न केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांपुरता उरत नाही.

संगणकाच्या पडद्यावरील नमुन्यात जे रकाने, निवडसूच्या व खुणेच्या चौकटी दिसतात, त्या स्वतः माहिती नव्हेत. माहिती अन्यत्र साठविलेली असते. या दोहोंना एकमेकांशी कायमचे जोडून देण्याच्या पद्धतीस संगणकशास्त्रात ‘डेटा बाइंडिंग’ म्हणतात. येथे तिला आपण ‘बांधणी’ म्हणू.

बांधणी नसेल तर

बांधणी नसलेल्या आज्ञावलीत सर्व काम हातउताऱ्याचे असते. नमुना उघडताना साठ्यातील आकडा उचलून रकान्यात ठेवावयाचा, आणि ‘जतन करा’ ही कळ दाबल्यावर रकान्यातील आकडा उचलून पुन्हा साठ्यात ठेवावयाचा, अशा सूचना प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. दहा रकान्यांपर्यंत हे निभते. परंतु एकच आकडा अनेक ठिकाणी दिसू लागला की अडचण सुरू होते. जमिनीचे क्षेत्र गाव नमुना सातवर दिसते, आठ-अ वर खातेदाराच्या एकूण क्षेत्रात मिळविलेले दिसते, आणि गावाच्या गोषवाऱ्यातही येते. यांपैकी एका ठिकाणची सूचना लिहावयाची राहिली, तर दोन ठिकाणी नवा व तिसऱ्या ठिकाणी जुना आकडा दिसतो, आणि कोणता खरा हे पडद्याकडे पाहून सांगता येत नाही. हस्तलिखित दप्तरातही हाच दोष होता. सातबारावर दुरुस्ती झाली आणि आठ-अ वर ती ओढावयाची राहिली, अशी उदाहरणे जुन्या कर्मचाऱ्यांस नवीन नाहीत.

बांधणीत ही उताऱ्याची पद्धतच सोडून दिली जाते. ‘हा रकाना अमुक जमिनीच्या क्षेत्राशी बांधलेला आहे’ एवढेच एकदा जाहीर करावयाचे. आकडा एकाच जागी राहतो. नमुना सात, आठ-अ व गोषवारा ही त्याकडे पाहण्याची तीन गवाक्षे होतात. हा विचार जुना आहे. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करीत असताना माहिती व तिचे दर्शन यांना वेगळे ठेवण्याची मांडणी केली. पुढे १९९३ च्या सुमारास ‘व्हिज्युअल बेसिक’च्या तिसऱ्या आवृत्तीने रकाने थेट माहितीच्या तक्त्यास बांधण्याची सोय सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिली, आणि २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘डब्ल्यूपीएफ’मध्ये तर संपूर्ण पडद्याची उभारणीच बांधणीवर करण्यात आली.

दवंडीचे तत्त्व

आकडा बदलला हे रकान्यास कळते कसे? रकाना काही क्षणोक्षणी साठ्यात डोकावून पाहत नाही. गावात पूर्वी कोतवाल दवंडी देत असे, आणि ज्याचा त्या गोष्टीशी संबंध असेल तो चावडीवर येई; बांधणीचे काम याच रीतीने चालते. प्रत्येक रकाना आरंभीच ‘या आकड्यात बदल झाल्यास मला कळवावे’ असे नाव नोंदवितो. आकडा बदलताच साठ्याकडून ‘क्षेत्र बदलले’ अशी दवंडी पिटली जाते, आणि नाव नोंदविलेले सर्व रकाने नवा आकडा वाचून घेतात.

यातील मर्म असे की, दवंडी देण्याची व्यवस्था आज्ञावली लिहिणाऱ्यानेच करावी लागते. ती राहिल्यास पहिल्यांदा नमुना उघडताना सर्व रकाने बरोबर दिसतात, आणि पुढे आत बदल झाला तरी पडदा जुनाच राहतो. दुसरा प्रमाद याहून फसवा आहे. कित्येक पद्धतींत कोणत्या आकड्यास बांधावयाचे ते त्याच्या नावाने सांगितले जाते. नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर आज्ञावली बंद पडत नाही किंवा वापरणाऱ्यास काही सांगतही नाही. रकाना केवळ कोरा दिसतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा नोंदलेला असूनही तो पडद्यावर कोरा दिसला, तर पाहणारा जमीन बोजाविरहित समजेल. अशा ठिकाणी आज्ञावलीने मुकाट्याने कोरा रकाना दाखविण्यापेक्षा मोठ्याने अडून बसावे, हे अधिक बरे.

एकेरी व दुहेरी

बांधणी एकेरी असते किंवा दुहेरी. एकेरी बांधणीत आकडा साठ्याकडून रकान्याकडे जातो, उलट येत नाही. दुहेरीत रकान्यात टंकलेला मजकूर साठ्यातही जातो. गट क्रमांक, किंवा खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज, हे रकाने एकेरीच असावयास हवेत. बेरीज कोणी हाताने लिहावयाची नसते.

दुहेरी बांधणीत रकान्यातील मजकूर साठ्यात नेमका केव्हा उतरतो, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. प्रत्येक अक्षरागणिक तो उतरविता येतो. परंतु मग ‘१२०’ लिहिताना ‘१’ व ‘१२’ हेही क्षणभर खरे आकडे ठरतात. म्हणून डब्ल्यूपीएफमधील मजकुराच्या रकान्यात, वेगळे सांगितले नसल्यास, वापरणारा तो रकाना सोडून दुसरीकडे गेला म्हणजेच आकडा उतरतो. आता एखादा कर्मचारी शेवटच्या रकान्यात क्षेत्र टंकतो आणि तेथून न हलता कळफलकावरील जतन करण्याची कळ दाबतो. रकाना सोडलाच नसल्याने नवा आकडा साठ्यात उतरलेला नसतो, आणि जुनाच आकडा जतन होतो. पडद्यावर मात्र नवा दिसत राहतो. कर्मचारी निश्चिंतपणे नमुना बंद करतो. पुढे कधीतरी तोच नमुना उघडला असता जुना आकडा पाहून ‘संगणकाने खाल्ले’ असे म्हटले जाते, आणि टंकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विनाकारण संशय येतो. यावर उपाय साधा आहे: जतन करण्यापूर्वी चालू रकान्यातील मजकूर उतरवून घेण्याची सूचना आज्ञावलीत असावी, आणि जतन झाल्यावर साठ्यातून पुन्हा वाचलेला आकडा दाखवावा.

हेक्टर, आर आणि दशांश

रकान्यातील मजकूर व साठ्यातील आकडा यांचे रूप एक असेलच असे नाही. महाराष्ट्रात शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा क्रमाने लिहितात. १.२०.५० म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर. साठ्यात हेच १२,०५० चौरस मीटर असे एका पूर्णांकाने ठेवणे सोयीचे पडते. दोहोंमध्ये रूपांतर करणारा दुभाषी बांधणीतच बसविलेला असतो, आणि सर्वाधिक काळजी त्याचीच घ्यावी लागते. कोणी रकान्यात ०.४ लिहिले तर त्याचा अर्थ दशांश पद्धतीने ४० आर होतो. परंतु बिंदूनंतर आर लिहिण्याची सवय असलेल्यास तोच ४ आर वाटतो. फरक ३६ आरांचा, म्हणजे सुमारे साडेपस्तीस गुंठ्यांचा आहे. डोंगराळ मुलखातील भाताच्या खाचरांच्या मानाने ही एका कुटुंबाची निम्मीशिम्मी शेती झाली. म्हणून हेक्टर, आर व चौरस मीटर यांसाठी तीन वेगळे रकाने द्यावेत आणि तिन्ही मिळून एकाच आकड्यास बांधावेत, हे उत्तम.

वाटपाचे उदाहरण घेऊ. खेरडीच्या त्या शेतकऱ्यास दोन भाऊ असून १ हेक्टर जमिनीचे तिघांत समान वाटप व्हावयाचे आहे. प्रत्येकी ३,३३३ चौरस मीटर धरल्यास बेरीज ९,९९९ होते; एक चौरस मीटर उरतो. आज्ञावलीने तो गिळता कामा नये, की स्वतःच्या मर्जीने कोणास देताही कामा नये. एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांत फरक असल्याचे सांगून तिने थांबावे, आणि उरलेला चौरस मीटर कोणाच्या नावे धरावयाचा ते माणसांनी ठरवावे.

अंकांच्या लिपीचाही येथे संबंध येतो. देवनागरी ‘४’ आणि इंग्रजी चार हे वाचणाऱ्यास एकच असले, तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. दुभाष्यास देवनागरी अंक शिकविलेले नसतील, तर मराठीत टंकलेला अचूक आकडाही तो नाकारतो. तीच गोष्ट रिकाम्या रकान्याची. पोटखराब्याचा रकाना रिकामा असणे म्हणजे ‘नोंद नाही’, आणि तेथे शून्य असणे म्हणजे ‘पोटखराबा नाही’. रिकाम्यास शून्य मानणारी आज्ञावली न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देते.

निवडसूचीची बांधणी करताना खेरडीच्या मुलखाचा इतिहास उपयोगी पडतो. महाराष्ट्रात भोगवटादार वर्ग-१ व वर्ग-२ हे प्रकार सर्वपरिचित आहेत. दादरा व नगर हवेलीत मात्र पोर्तुगीज अमलापासून ‘अल्वारा’ व ‘तेरम’ असे धारणाप्रकार चालत आले होते. १९५४ मध्ये तो प्रदेश मुक्त झाला, १९६१ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाला, आणि हे प्रकार १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने संपुष्टात आणले. अशी एखादी जुनी नोंद संगणकावर घेतली आणि निवडसूचीत केवळ आजचेच प्रकार ठेवले, तर जुळणारी निवड न सापडल्याने रकाना रिकामा दिसेल. बांधणी दुहेरी असल्यास काही आज्ञावल्या तो रिकामेपणाच उलट साठ्यात लिहितात. म्हणजे नोंद नुसती उघडून पाहिल्यानेही पुसली जाऊ शकते. कालबाह्य प्रकार सूचीत दाखवावेत, मात्र नव्याने निवडू देऊ नयेत.

कच्चा व पक्का

येथवर दुहेरी बांधणीचे धोके पाहिले. अधिकार अभिलेखासारख्या दप्तरात मुळात ती कशाशी करावयाची, हा खरा प्रश्न आहे. रकाना थेट प्रमाणित नोंदीशी बांधला, तर टंकणाऱ्याच्या बोटाखाली मालकी बदलेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यास वाव देत नाही. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतात; हितसंबंधितांस नोटीस दिली जाते; हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते; हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते; आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच सातबारावर अंमल दिला जातो.

प्रोग्रॅमर ज्यास कच्ची प्रत म्हणतात, ती हीच. पडद्यावरील रकाने कच्च्या प्रतीस बांधावयाचे, तपासण्या तिच्यावर करावयाच्या, आणि मान्यता मिळाल्यावर सर्व बदल एकदम पक्क्या साठ्यात न्यावयाचे. मान्यता न मिळाल्यास कच्ची प्रत बाजूस ठेवावयाची. पक्क्या साठ्यात नेताना मधल्या काळात दुसऱ्या कोणी तीच नोंद बदललेली नाही ना, हेही पाहावे लागते. महसूल खात्याच्या जुन्या वहीने ही शिस्त संगणक येण्यापूर्वी कित्येक दशके पाळलेली आहे, हे नव्या प्रोग्रॅमरांस आवर्जून सांगावयास हवे.

माहिती व दर्शन वेगळे ठेवल्याचा एक फायदा २०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलला तेव्हा दिसण्यासारखा होता. पूर्वी कमी केलेल्या नोंदीस कंस करीत. नव्या नमुन्यात मयत खातेदार, फेडलेले बोजे इत्यादी कमी केलेल्या नोंदींवर आडवी रेषा येते. ‘ही नोंद कमी झाली आहे’ एवढीच खूण साठ्यात असेल, तर कंसाच्या जागी रेषा आणण्यास एकाही नोंदीस हात लावावा लागत नाही. जेथे कंसाचे चिन्ह नावाच्या अक्षरांतच मिसळून साठविलेले असेल, तेथे मात्र गावोगावची नावे एकेक करून सोडवावी लागतील.

त्याच नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफाराचा उल्लेखही तळाशी येतो. खेरडीत बसून सातबारा पाहणाऱ्या खातेदाराने वरील क्षेत्राचा आकडा वाचून न थांबता ही ओळ अवश्य पाहावी. तेथे फेरफाराचा क्रमांक दिसल्यास, वर दिसणारा पक्का आकडा अजून जुना आहे आणि कच्च्या प्रतीत काही बदल वाट पाहत आहे, असा त्याचा अर्थ होतो. आणि हरकतीची मुदत संपावयाच्या आत तलासरीस जाऊन यावयाचे की नाही, हे त्यास त्याच दिवशी ठरविता येते.