मरावीतला तो रमजान

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंडानाओ बेटावर मरावी हे मुस्लिमबहुल शहर आहे. २०१७ साली रमजान चार दिवसांवर आला असताना, २३ मे रोजी, इस्लामिक स्टेटचे नाव घेणारे बंदूकधारी तिथे घुसले. पहिल्या रोजाची सहरी हजारो कुटुंबांनी घर सोडून, छावणीत नाहीतर नातलगांकडे केली. ख्रिस्ती कामगार शहरात अडकले होते. मुस्लिमांनी त्यांना घरात लपवले, ख्रिस्ती बायकांना डोक्यावर घ्यायला हिजाब दिले.

रोजे सुरू असतानाच लोकांना बाहेर काढायला आणि मदत आत न्यायला एक सुरक्षित रस्ता ठरला. तो सांभाळायला सरकारबरोबर उभी होती मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट. वेगळ्या देशासाठी याच सरकारशी अनेक वर्षे लढलेली ही संघटना!

हे एका रात्रीत झाले नव्हते. २००० साली सरकारने तिच्याविरुद्ध सर्वंकष युद्ध पुकारले, मुख्य तळही जिंकला. पण प्रश्न होता तिथेच राहिला. मलेशियाच्या मध्यस्थीने बोलणी सुरू झाली. २००८ मध्ये तयार झालेला मसुदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अडवला आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष अक्विनो स्वतः जपानला गेले आणि फ्रंटचे प्रमुख मुराद इब्राहिम यांना भेटले. अखेर २७ मार्च २०१४ रोजी करार झाला. फ्रंटने वेगळ्या देशाचा हट्ट सोडला, सरकारने स्वायत्तता कबूल केली. हत्यारे मात्र टप्प्याटप्प्याने ठेवायची होती. सरकारच्या वतीने सही करणाऱ्या मुख्य वाटाघाटीकार मिरियम कोरोनेल-फेरर या प्राध्यापिका होत्या.

पुढच्याच जानेवारीत मामासापानोत पोलिसांचे ४४ कमांडो मारले गेले. देशभर संताप उसळला, संसदेत स्वायत्ततेचे विधेयक रखडले. तरीही युद्धबंदी सांभाळणाऱ्या दोन्ही बाजूंच्या समित्या एकमेकींशी बोलत राहिल्या. असल्या समित्यांचे फोटो कुणी छापत नाही. मरावीत तो रस्ता उघडता आला, तो या जुन्या ओळखीमुळे.

शहरात घुसलेल्यांशी असे काही जमले नाही. २५ जूनला ईदसाठी सैन्याने आठ तास बंदुका थांबवल्या. त्या वेळात काही मुस्लिम मध्यस्थ आत जाऊन त्यांच्या म्होरक्याला भेटले. ओलीस धरलेल्या कॅथलिक धर्मगुरूच्या बदल्यात त्याला अटकेतले आपले आईवडील हवे होते. सरकारने नकार दिला. नकाराची कारणे समजण्यासारखी आहेत. पण तो धर्मगुरू सप्टेंबरपर्यंत सुटला नाही, आणि ऑक्टोबरात लढाई संपेपर्यंत मृतांचा आकडा हजारावर गेला होता.

२०१९ मध्ये जनमत घेऊन बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश स्थापन झाला. कधीकाळी सरकारने ज्यांच्या तळावर चाल केली, ते मुराद त्याचे हंगामी मुख्यमंत्री झाले. मरावीच्या मधल्या वस्तीतली कुटुंबे मात्र पुढचे अनेक रमजान तात्पुरत्या घरांतच इफ्तार करत राहिली.