सास्तूर: भूकंपानंतरच्या नियोजनाचा मागोवा

तज्ज्ञांना जे ठाऊक असते ते कृतीत कसे उतरते, हा नियोजनशास्त्राचा जुना प्रश्न. जॉन फ्रीडमन यांनी 1973 मध्ये त्याचे एक उत्तर मांडले: शास्त्रीय ज्ञान आणि रहिवाशांचे अनुभवातून आलेले ज्ञान यांची देवाणघेवाण झाली तरच योजना टिकते. लातूर-उस्मानाबाद भागातल्या सास्तूर परिसरात या मताची कसोटी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर लागली.

तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 मध्ये जवळच्या किल्लारीकडे धक्के जाणवू लागले, त्यांची नोंदही झाली. घरे मात्र होती तशीच राहिली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर चढून जड झालेले माळवद, अशी ती घरे. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. धक्क्याने दोन्ही थर फुटून निघाले आणि माणसे त्याखाली गाडली गेली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळ्यांचा सांगाडा उभाच राहिला. दोष दगडाचा नव्हता, रचनेचा होता. तरी लोकांनी धास्ती घेतली ती दगडाचीच.

जागतिक बँकेच्या साह्याने 1994 मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी बसवली गेली. सास्तूर त्यांपैकीच. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला: भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400, मोठ्यांना 750. नव्या गावांचे सरळ, रुंद रस्ते कागदावर देखणे दिसले. पण गुरे, कडबा, धान्य आणि एकत्र कुटुंब यांचा हिशेब त्यात नीट बसला नव्हता. वाड्यातल्या चौकाची जागा तर सुटलीच. यथावकाश पत्र्याच्या पडव्या जोडल्या गेल्या. रहिवाशांना जे आधीच ठाऊक होते, ते आराखड्यात असे मागाहून शिरले.

जी गावे हलवली नाहीत, त्या दुरुस्तीच्या गावांत वेगळी वाट निघाली. तिथे घरमालकच बांधकाम करून घेत होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून अभियंता आणि कुटुंब यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार सांधा घालणे या गोष्टी त्यांच्यामार्फत घराघरांत पोचल्या. 2001 च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तिथल्या स्त्रियांना हा अनुभव सांगायला गेल्या. भूकंपप्रवणता नकाशा 2002 मध्ये बदलला आणि किल्लारी-सास्तूरचा पट्टा अधिक धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात आला.