चिमूटभर मँगनीज
(लेखमाला : आपल्या भागातली खनिजं)

गेल्या आठवड्यात आपण सौसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणींपाशी थांबलो होतो. १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फर्मॉर यांनी एका खनिजाला आपल्या सीतापार गावाचं नाव दिलं होतं. भूशास्त्रज्ञ इथल्या खडकांना आजही ‘सौसर गट’ म्हणतात, आणि रामाकोना-कटंगी पट्ट्यावर शोधनिबंध निघतात. मँगनीजचा बहुतेक सारा दगड पोलादासाठी जातो. पण त्याचं मला सर्वांत विलक्षण वाटणारं काम चिमटीएवढ्या मात्रेत होतं.

ते समजण्यासाठी आधी रामाकोन्यात घरोघरी असलेला गॅस लायटर घ्या. कळ दाबली की आतली हातोडी सिरॅमिकच्या छोट्याशा नळकांडीवर आदळते, काही हजार व्होल्ट निर्माण होतात आणि ठिणगी उडते. बॅटरी नाही, तार नाही. ही नळकांडी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांची, म्हणजे ‘पीझेडटी’ची असते.

दाबातून वीज मिळते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवलं. क्वार्ट्झ आपल्या खडकांतही आहे. सिरॅमिकची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या प्रत्येक कणात टायटॅनियमचे अणू मध्यापासून जरासे सरकलेले असतात, पण भट्टीतून निघालेल्या तुकड्यात हे कण आठवडी बाजारातल्या गर्दीसारखे, ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. म्हणून तुकडा गरम तेलात ठेवून त्याला प्रचंड विद्युतदाब देतात. दिशा बऱ्याच अंशी जुळतात आणि विद्युतदाब काढल्यावरही तशाच राहतात. विजेने दिशा पालटावी आणि ती टिकावी, हाच फेरोइलेक्ट्रिक गुण. वालासेक यांना तो १९२० मध्ये रोशेल मिठात सापडला. पीझेडटीचं सामर्थ्य १९५४ मध्ये जॅफ यांनी दाखवलं. पुण्याच्या पाषाण भागातल्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेत तर खास पीझेडटी केंद्रच आहे.

आता मँगनीज. पाणबुडीचा सोनार किंवा दातांवरचं कीटण काढणारं यंत्र यांतलं सिरॅमिक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. प्रत्येक थरथरीत वेगवेगळ्या दिशांच्या भागांमधल्या सीमा मागेपुढे सरकतात आणि तुकडा तापत जातो. टायटॅनियमच्या जागी अगदी थोडं मँगनीज बसवलं की विद्युतभार कमी पडतो, तो भरून काढायला ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि मँगनीज व रिकामी जागा यांच्या जोड्या त्या सीमांना जागीच अडकवतात. उष्णता घटते. दाबातून मिळणारी वीजही थोडी घटते, पण अखंड चालणाऱ्या यंत्राला हा सौदा परवडतो.

अडचण आहे ती शिशाची. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसंच असतं, आणि ते विषारी आहे. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियमवर आधारलेलं, पीझेडटीच्या जवळ पोचणारं बिनशिशाचं सिरॅमिक जाहीर केलं. या नव्या सिरॅमिकांमधून वीज गळते, आणि ती गळती रोखायला प्रयोगशाळांत पुन्हा मँगनीजच घालून पाहतात.