काचेच्या टाकीतील मासे व विहिरीचे पाणी

गावातील शाळांत व घरांत काचेच्या टाकीत मासे पाळण्याची आवड आता दिसू लागली आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तर आरोग्य खात्यामार्फत अनेक गावी पोहोचले आहेत. टाकीसाठी पाणी बहुधा विहिरीचेच घेतले जाते. ते निवळशंख दिसते. तरीही पुष्कळदा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात व मरतात. याची कारणे समजून घेतल्यास हे नुकसान टळू शकते.

१. प्राणवायूची उणीव : जमिनीखालील पाण्याचा हवेशी संबंध फारसा येत नाही. त्यामुळे त्यात विरघळलेला प्राणवायू कमी व कर्बद्विप्राणील वायू अधिक असतो. कूपनलिकेच्या पाण्यात हा दोष विशेष आढळतो. यास्तव पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात काढून, अधूनमधून उंचावरून ओतून, २४ तास उघडे ठेवावे. नको असलेला वायू निघून जातो, सामू स्थिर होतो व पाणी खोलीच्या तापमानास येते. पाण्यात लोह असल्यास तांबूस गाळ तळाशी बसतो; वरचे निवळ पाणीच घ्यावे.

२. विरंजक चूर्ण : पिण्याच्या विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकणे गावाच्या आरोग्यास आवश्यक आहे. माशांसाठी ते कदापि थांबवू नये. परंतु पिण्याच्या पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन माणसास बाधत नसला, तरी त्याचा पाचवा हिस्सादेखील माशांच्या कल्ल्यांस घातक ठरतो. म्हणून पावडर टाकण्यापूर्वीच पाणी भरून ठेवावे. ते न जमल्यास पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवावे, किंवा १०० लिटर पाण्यास १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट (हायपो) घालून ढवळावे. पावडर टाकली त्या दिवशीचे पाणी मात्र मुळीच घेऊ नये.

३. क्षार व जडपणा : काळ्या कातळाच्या मुलखातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. साबणाचा फेस न होणे व भांड्यास पांढरा थर बसणे, ही त्याची खूण होय. गप्पी, मॉली व प्लेटी यांस असे पाणी मानवते. टेट्रासारख्या मृदू पाण्यातील माशांस ते मानवत नाही. त्यांच्यासाठी पहिल्या सरींनंतर स्वच्छ छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी थोडे थोडे मिसळावे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात पाणी तपासूनच वापरावे. जड पाण्याचा सामू अधिक असल्याने उरलेल्या खाद्यापासून होणारा अमोनिया त्यात अधिक विषारी ठरतो; म्हणून पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

४. खते व कीटकनाशके : शेतातील विहिरीत नत्रयुक्त खतांचा अंश झिरपतो. फवारणीचा पंप विहिरीच्या काठी धुणे तर अत्यंत धोक्याचे आहे. अत्यल्प कीटकनाशकानेही मासे मरतात. अशा विहिरीचे पाणी टाकीस वापरू नये, व पिण्यास तर नाहीच नाही.

परीक्षा : तयार पाण्यात प्रथम दोन-तीन गप्पी एक दिवस सोडून पाहावे. नवीन टाकीत उपकारक जंतू वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत. पुढे दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे. एकदम सर्व पाणी कधीही बदलू नये.

ग्रामसेवकांनी एक गोष्ट लोकांस अवश्य समजावून द्यावी. मासे जगले म्हणजे पाणी पिण्यास योग्य, असे समजू नये. रोगजंतूंनी दूषित पाण्यातही मासे सुखाने राहतात. पिण्याच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी. तसेच नकोसे झालेले मासे ओढ्यात वा नदीत सोडू नयेत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून ते आपल्या देशी माशांचे अन्न व पिले खाऊन त्यांची हानी करतात.